तळमजला, कमोडसह

भाचीने खोल्यांची एक्सेल शीट ग्रुपवर टाकली आणि मी म्हातारी झाले.

तोवर नव्हते. म्हणजे ५८ पूर्ण आहेत, जिना उतरताना गुडघे आपापसांत बोलतात, वाचायचा चष्मा शोधायला लांबचा चष्मा लावावा लागतो, हे सगळं खरं. पण ते सासरी, आणि डॉक्टरांसमोर. माहेरच्या गोतावळ्यात माझं वय कुणी मोजलेलंच नव्हतं. तिथे मी आत्या. काकूंसारखी स्वयंपाकघरात अडकलेली नाही, मामांसारखी टक्के विचारणारी नाही; भेंड्यांत हटकून जिंकणारी, पोरांना चोरून आइस्क्रीम खाऊ घालणारी, त्यांची प्रेमप्रकरणं त्यांच्या आईबापांच्या आधी कळणारी. निदान माझी तशी समजूत होती, आणि ती मी बरीच वर्षं उत्तम स्थितीत राखली होती.

तर शीट, माहेरच्या सहलीची. रिसॉर्टच्या पहिल्या मजल्यावर ‘यंग गँग’ नावाची वस्ती होती. मी आधी तिथे माझं नाव शोधलं. नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर ‘कपल्स’. नवरा येणार नव्हता (माझं माहेर त्याला किरकोळीत झेपतं, घाऊक नाही), तेव्हा तिथेही नसणार हे समजण्यासारखं होतं. मग खाली, अगदी खाली, ड्रायव्हरच्या राहण्याच्या सोयीच्या वरची ओळ: ‘खोली नं. २, तळमजला, कमोड, पायरी नाही. मोठी आत्या आणि आत्या.’

मोठी आत्या ८८ वर्षांची. दुसरी मी.

मी तडक भाचीला फोन लावला. “अगं, तुझी सोय बघितली,” ती म्हणाली. मी म्हटलं, तुझे बाबा ६४ चे, दोन्ही गुडघे बदललेले, ते दुसऱ्या मजल्यावर कसे? तर म्हणे, “ते कपल आहेत ना.” थोडा वेळ गेला आणि मग खरं बाहेर आलं, “शिवाय मोठ्या आत्याजवळ रात्री कुणीतरी हवंच.” हे ‘कुणीतरी’ आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुलगीच असते. मुलगे असतात त्यांना ‘तो’ म्हणतात, त्यांच्या झोपा मोडतात.

स्थळावरून वाद व्हायचं कारण नव्हतं. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, त्यामुळे गुहागरच ठरणार होतं. म्हणून वाद महिनाभरच चालला. थोरल्या चुलतभावाला मे महिना हवा होता, आंब्याफणसाचा. न्यूजर्सीच्या चुलतभावाच्या मुलाला नाताळची सुट्टी होती. अमेरिकेपुढे हापूस हरला. “डिसेंबरात कोकणात जाऊन खायचं काय, सुरूची पानं?” असं थोरला चुलतभाऊ ग्रुपवर रोज सकाळी विचारायचा आणि ‘शुभ प्रभात’च्या गुलाबांखाली ते गाडलं जायचं. मग टी-शर्ट आले. समोर कौलारू घराचं चित्र, पाठीवर आडनाव, खाली ‘परिवार’. हे आडनाव माझ्याकडून १९९० साली लग्नाच्या मांडवात काढून घेतलं होतं. ते एक्स्ट्रा लार्जमध्ये परत मिळालं. मोठ्या आत्याने तिचा टी-शर्ट उशीला घातला. नऊवारीवर तो कसा बसेल याचा रकाना शीटमध्ये नव्हता.

बस कुंभार्ली घाटात शिरली आणि पोरांना गाडी लागायला सुरुवात झाली. एसी बस, पुशबॅकच्या खुर्च्या, गोळ्या घेतलेल्या, तरीही. मोठी आत्या खिडकीशी टक्क बसून होती. तिच्या लहानपणी मुंबईहून येणारे भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचे, दाभोळला बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, एखादी शेळी असं सगळं होडीत उतरवून किनाऱ्याला आणायचे. “बोट लागायची तेव्हा ओकायला समुद्र होता,” ती म्हणाली, “तुम्हाला पिशव्या लागतात.” एवढं बोलून तिने कानातलं मशीन काढून ठेवलं. हे मशीन तिचा दरवाजा आहे. आतून कडी असलेला.

आता माझ्या गौरवाचा भाग.

पहिल्या संध्याकाळी मी खोली नंबर २ मध्ये पाठ टेकते न टेकते तोच दारात एक भाचा आला. “आत्या, बसू का?” मग एक भाची आली. मग तिचा नवरा, जो लग्नानंतर माझ्याशी एकूण चार वाक्यं बोलला असेल. अर्ध्या तासात यंग गँग सगळी तळमजल्यावर. कुणी माझ्या पलंगावर, कुणी मोठ्या आत्याच्या, कुणी फरशीवर भिंतीला टेकून. माझे डोळे भरून आले. मी माळ्यावरच्या भुताची गोष्ट काढली, मग विहिरीत पडलेल्या घंगाळाची, मग माझ्या कॉलेजातल्या त्या मुलाची, जी मी एरवी निवडक श्रोत्यांपुढेच सांगते. ते ऐकत होते. मधूनमधून हुंकार देत होते. माना खाली होत्या, पण मी म्हटलं लाजत असतील. गोष्ट तशी होतीच. दुसऱ्या मजल्यावरून मोठा भाऊ डोकावून गेला. मी त्याच्याकडे, जिचा वाडा गजबजलेला असतो अशा बाईच्या नजरेने पाहिलं.

रिसॉर्टचं ऑफिस आमच्या खोलीला लागून होतं. वायफायचा राउटर ऑफिसच्या भिंतीवर होता. त्या भिंतीची दुसरी बाजू म्हणजे माझ्या पलंगाचं उसं. वरच्या मजल्यांवर रेंज येत नव्हती. हे मला मोठ्या आत्याने सांगितलं, जिला राउटर म्हणजे काय ते माहीत नाही. “ती पोरं तुझ्या डोक्यामागच्या भिंतीला चिकटतायत,” ती म्हणाली, “तिथे काय आहे ते बघ जरा.”

ती फारशी बोलत नाही, पण तिच्या लक्षात सगळं राहतं. याचं कारण मेंढीकोट.

मेंढीकोटाविषयी थोडं सांगावं लागेल. थोडं म्हणते आहे, पण माझा भरवसा धरू नये. ज्यांना येतो त्यांनीही हा भाग गाळू नये. त्यांना त्यांच्या घरातला येतो, आमच्या घरातला नाही. बावन्न पानं, चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, प्रत्येकी तेरा पानं. एक्का, राजा, राणी या मंडळींना स्वतःची किंमत काही नाही. त्यांचं काम नुसतं हात ओढण्याचं. डाव ठरतो चार दश्श्यांवर. तीन ज्यांच्याकडे, ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे, ते जिंकले. चारही एका बाजूला गेल्या की कोट. तेराच्या तेरा हात गेले तर त्याहून मोठी नामुष्की, तिचं नाव आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

इथपर्यंत एकमत आहे. हुकूम कसा ठरवायचा यावर मात्र आमचं घराणं जमिनीवरून फुटलं त्याच्याही आधी फुटलेलं आहे. आम्ही पुण्याचे लोक बंद हुकूम खेळतो. एकाने आपल्यातलं एक पान पालथं ठेवायचं. मग ज्याच्याकडे उतारीचं पान नसेल त्याने ‘हुकूम उघडा’ म्हणायचं आणि पुढचं दैवावर. नागपूरची शाखा कट हुकूम खेळते, म्हणजे पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकेल तोच रंग हुकूम. यात कर्तृत्व काय, असा आमचा प्रश्न आहे. इंदूरचे आधीच हुकूम जाहीर करून बसतात. याला आम्ही पत्ते खेळणं म्हणत नाही, पण पाहुणे म्हणून चालवून घेतो. बाकी बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू वगैरे प्रकार पोरांना गप्प बसवण्यासाठी निघाले असावेत. रमीला मी खेळ मानत नाही. तिच्यात जोडीदार नसतो, आणि जोडीदाराला शिव्या देता आल्या नाहीत तर दुपार जायची कशी?

दुपार म्हणजे जेवणं झाल्यावर. उष्टी निघाली, शेण फिरलं, पुरुष पडवीत घोरू लागले की बायका माळ्यावर चढायच्या. दोन ते चार. चारला चहाचं आधण. बायकांच्या हातात अख्ख्या दिवसातला एवढाच तुकडा यायचा, म्हणून त्या इतक्या ईर्ष्येने खेळायच्या. आजोबांना घरात पत्ते चालत नसत, त्यामुळे बोलणं बंद, हसणं पदरात. म्हणून खुणा. मोठ्या आत्याच्या खुणांचा कोश मी लहानपणी पाठ केला होता. पदर सारखा केला की इस्पिक. नथ नसलेल्या नाकाला हात लावला की बदाम. बांगडी मागे सारली की चौकट. किलवरसाठी ती नुसती सुस्कारा टाकायची, कारण किलवर तिला आवडत नाही. खोकला म्हणजे हुकमाचं मोठं पान हातात आहे, बिनधास्त दश्शी सोड. ही चोरी नव्हे. चोरी म्हणजे पान लपवणं, तेही ती करायची, पण सणासुदीला.

शिवाय पानं मोजणं. किती गेली, कुणाची गेली, कुणाच्या हातात काय उरलं. दहाव्या हातानंतर ती आपली तीन पानं पालथी ठेवायची आणि बाकीच्यांची सांगायची. तिची शाळा सातवीत सुटली. तिच्या भावांपैकी एक बँकेत गेला, एक शिक्षणखात्यात, एक एलआयसीत, आणि तिघांनाही मेंढीकोटात तिने आयुष्यभर कोट दिले. आमच्याकडे कुणी तिला ‘हुशार’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘पत्त्यात तरबेज’ म्हणत.

असो. मी थोडं म्हणाले होते.

हेदवीला गेलो. दशभुज गणेशाचं दर्शन झालं, मग बामणघळ. खडकाच्या चिंचोळ्या फटीतून भरतीचं पाणी उसळून वर उडतं, ते बघायला लोक लांबून येतात. आमच्या वेळापत्रकात वेळ ठरवताना नाश्ता, देवदर्शन, ड्रायव्हरचं जेवण या सगळ्याचा विचार झाला होता. चंद्राचा झाला नव्हता. ऐन ओहोटीला आम्ही एकसारखे टी-शर्ट घातलेले ४१ लोक एका कोरड्या फटीकडे बघत उभे राहिलो. सूनबाईंनी तिचाही व्हिडिओ केला. परतताना मी, ज्येष्ठांसाठीचं बाकडं नाकारून, खडकांवरून उड्या मारत निघाले. दोन्ही बाजूंनी दोन भाच्यांनी माझे दंड धरले. “आत्या, सावकाश.” मी हात सोडवून घेतले. त्यांनी पुन्हा धरले. खाली पाहिलं तर शेवाळं होतं, म्हणून मी तो विषय तिथे वाढवला नाही.

या सगळ्या दिवसांत मोठ्या भावाच्या काखेत एक निळं फोल्डर होतं. देवळात, किनाऱ्यावर, नाश्त्याला. सोलकढीची वाटी आणि फोल्डर. कुणी काही विचारत नव्हतं, पण फोल्डर खाली ठेवलं की सगळ्यांचं बोलणं थोडं कमी व्हायचं. वहिनी तर ते बघितलं की पाणी प्यायची.

कारण घर. आमचं जुनं घर रिसॉर्टपासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे आणि आम्ही पैसे मोजून रिसॉर्टमध्ये होतो. घराला छप्पर निम्मं आहे. सातबाऱ्यावर नावं २३ आहेत. यातलं कुठलं आधी दुरुस्त करायचं यावर एकमत नाही. गुंठ्याचा भाव वाढतो आहे अशी बातमी अधूनमधून येते, आणि ज्यांनी तिथली विहीर वर्षानुवर्षं बघितलेली नाही त्यांनाही ती आठवू लागते.

तिसऱ्या दिवशी सगळे घर बघायला गेलो. ‘बघायला’ हेच म्हणत होते सगळे, प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ते हेदवी आणि वेळणेश्वर यांच्या मध्ये होतं. जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत. मंगलोरी कौलं माजघरात पडली आहेत. झोपाळ्याच्या कड्या आढ्याला लटकतात, फळी कुणीतरी नेली. पोरांनी फोटो काढले, न्यूजर्सीच्या मुलाने विचारलं इथे राहायचे ते लोक कुठे गेले, आणि त्याचा बाप त्याला उत्तर न देता रहाटाकडे गेला. मोठी आत्या जोत्याच्या पायरीवर बसली. आत जायचंय का विचारलं तर नको म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. एवढ्यात भावाने अंगणातून हाक दिली, “मोठी आत्या, तुझा यात हिस्सा होता ना गं?” सहज, थट्टेने. ती म्हणाली, “सोडला की. सही केली.”

मला माहीत नव्हतं. म्हणजे असं काही झालं असणार हे माहीत होतं, सगळ्याच घरांत होतं. १९५६ च्या कायद्याने मुलींना बापाच्या वाट्यात हक्क मिळाला, आणि त्याबरोबर हक्कसोडपत्र नावाचा कागदही घरोघर आला. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने धरलं, पण ज्यांची लग्नं तोवर झालेली नव्हती त्यांनाच. माझं चार वर्षं आधी झालं होतं. लग्नाची घाई नडते ती अशी. मग २००५ मध्ये केंद्राने लग्नाची अट न घालता मुलींना सहहिस्सेदार केलं. हे सगळं मी ग्रुपवर एकदा सविस्तर लिहिलं होतं. त्यावर तीन अंगठे आणि एक केक आला होता. केक दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता.

“सही करताना वाचलं होतंस?” मी विचारलं.

“वाचायचं काय त्यात? दादाचं अक्षर इतकं सुंदर. बघत बसावं असं.”

दादा म्हणजे माझे वडील.

त्यांचं अक्षर खरंच सुंदर होतं. मोडी आणि बाळबोध दोन्ही. तेच मला आलंय हे मी आल्यागेल्याला सांगते. या सहलीलासुद्धा खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या छापील नकोत म्हणून हट्टाने मीच हाताने लिहिल्या होत्या. वडील वाईट नव्हते. बहिणीच्या बाळंतपणांना स्वतः जाऊन तिला घेऊन यायचे, भाऊबीज कधी चुकली नाही. त्यांनी तो कागद तिला फसवायला लिहिला नसणार. सगळे करतात तसं केलं असणार, आणि अक्षर नेहमीसारखं मन लावून काढलं असणार. मला त्यांचा राग आला, आणि ज्याच्यावर ओरडावं असं तिथे कुणी नव्हतं.

“साडी दिली होती त्याने,” आत्या म्हणाली. “इरकली. बरी होती.”

मग ती उठली आणि म्हणाली, बस सुटेल.

त्याच रात्री जेवणानंतर मोठ्या भावाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि फोल्डर उघडलं. इतकी शांतता आमच्या घरात आरतीलाही नसते. मी दुपारपासून नकाराचं भाषण तयार केलं होतं. सुरुवात संयत, मध्ये मोठ्या आत्याचा उल्लेख, शेवटी आवाज थोडा कापरा. शब्दन्‌शब्द पाठ होता. भावाने घसा खाकरला, चष्मा लावला आणि सहलीचा हिशेब वाचायला घेतला. बस, खोल्या, जेवण, टी-शर्ट, फ्लेक्स, शहाळी, ड्रायव्हरचा भत्ता. माणशी इतके, बारा वर्षांखालच्यांना निम्मे. फोल्डरात बिलं होती. इतक्या आनंदाने पैसे देणारी माणसं मी कधी पाहिली नव्हती. वहिनीने तर दोनदा भरले, तिला एकदाचे परत करावे लागले. माझं भाषण तसंच राहिलं. प्रत्यक्षात मी नाही म्हटलं असतं की सही करून टाकली असती, हे आता कळायला मार्ग नाही. अक्षर मोठ्या भावाचंही चांगलं आहे.

भाषण अंगात साठलेलं होतं, ते मी फ्लेक्सवर काढलं. फ्लेक्स हॉलच्या भिंतीवर होता, दहा बाय सहाचा. वंशवृक्ष. मूळ पुरुष खाली मुळाशी, मग फांद्या, फांद्यांना फांद्या, अगदी न्यूजर्सीपर्यंत. मुलग्यांच्या फांद्या. मुली म्हणजे पानं. एकेक हिरवं पान, त्यात पहिलं नाव, पुढे काही नाही. पानाला कुठे फांदी फुटते? मोठी आत्या एक पान, मी एक पान. माझा मुलगा आणि मुलगी, जे हा मजकूर वाचतील तेव्हा माझी चेष्टा करतील, ते या झाडावर कुठेच नाहीत. तिथल्या तिथे, झाडासमोर उभे राहून कुल्फी खात होते. म्हणजे सातबाऱ्यावर मी आहे, वंशवृक्षावर माझ्यापुढे पूर्णविराम. सातबारा तलाठी लिहितो, झाड भाऊ.

“अगं, स्क्वेअर फुटाने पैसे घेतो तो,” भाऊ म्हणाला. “मुलींकडचं सगळं धरलं तर वीस बाय दहा लागला असता. लावायचा कुठे?” मी म्हटलं, मग मुलगे गाळायचे. यावर तो हसला. मला वाटलं चिडेल, मग मला चिडता येईल. तो नुसता हसला आणि म्हणाला, “पुढच्या वेळी तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.”

फ्लेक्स शेवटी रिसॉर्टच्या मालकाने मागून घेतला. त्याला गोठ्यावर घालायला हवा होता, पेंढा भिजतो म्हणे. अक्षरांची बाजू आत, का बाहेर, एवढंच त्याने अदबीने विचारलं.

शेवटच्या संध्याकाळी वीज गेली. राउटर गेला. तळमजल्यावरची गर्दी दहा मिनिटांत ओसरली; कुणी किनाऱ्यावर गेले, कुणी गाडीत चार्जर शोधायला. जाताना सगळे “येतो हं आत्या” म्हणाले, संस्कार चांगले आहेत. एक न्यूजर्सीचा मुलगा मागे राहिला. अकरा वर्षांचा. दात सरळ करायच्या तारा लावलेला, मराठी समजणारा आणि बोलायच्या वेळी थोडं थांबून आधी मनात जुळवणारा. मला पुन्हा जरा भरून यायला लागलं होतं. तो म्हणाला, “आत्याआजी, ते नोझवालं परत दाखव.”

म्हणजे राउटरच्या गर्दीत तो माझ्या गोष्टी ऐकत नव्हता आणि फोनही बघत नव्हता. तो मोठ्या आत्याचा डाव बघत होता. तिने त्याला बदाम शिकवला होता. इस्पिकासाठी पदर नव्हता म्हणून त्याने टी-शर्टची कॉलर धरली होती. टी-शर्टला कॉलर नव्हती, गळा होता, पण चाललं.

मेणबत्ती लावून बसलो. एका बाजूला ती आणि तो, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा मोठा भाऊ, ज्याला गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही म्हणून खुर्ची घेऊन आमच्या डोक्यांवर बसला होता आणि त्याला तिथून सगळ्यांची पानं दिसत होती. तरीही आम्ही पहिला डाव हरलो. दुसऱ्यात कोट बसला. भाऊ म्हणाला, ही इंदूरसारखं खेळते, म्हणजे मी. मी म्हटलं, उतारी इस्पिकची असताना चौकटची दश्शी कुणी टाकतं का? तो म्हणाला, लहानपणापासून तू हेच करतेस. मी म्हटलं, लहानपणापासून तू मला जोडीदार म्हणून घेतोस कशाला? त्याने उत्तर दिलं नाही. पानं पिसली. त्याला छान पिसता येतात, ते त्याला तिनेच शिकवलं आहे.

तिसरा डाव अटीतटीचा झाला. दश्श्या दोन-दोन. हात सहा-सहा. तेरावा हात उरला, प्रत्येकाकडे एकच पान. उतारी माझी. बारा हातांतली पानं मी, या वेळी तरी, नीट मोजली होती. हुकूम किलवरचा होता, आणि त्यांच्यातल्या कुणाकडे तरी एक किलवर उरलेला होता किंवा नव्हता, हे एकच मला सांगता येत नव्हतं. मी पान हातात धरून थांबले.

मोठी आत्या खोकली.

“चोरी!” मी ओरडले. “ही खूण आहे, ही हुकमाची खूण आहे, मला सगळ्या माहीत आहेत!” आत्याने शांतपणे कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. भाऊ वरून म्हणाला, तेराव्या हाताला खूण करून काय मिळणार, एकच तर पान आहे प्रत्येकाकडे. ते बरोबर होतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

पोरगा थांबला. मनात वाक्य जुळवलं.

“आत्याआजीला खरा खोकला आहे,” तो माझ्याकडे सरळ बघत म्हणाला. “काल समुद्र थंड होता. मला पण झाला.”

आणि त्याने खोकून दाखवलं.